निवायच्या आधी

टेबलाभोवती

"आज संध्याकाळी भट्टी विझवायची," थोरला म्हणाला.

धाकटीनं चहात बुडवलेलं बिस्कीट तिथेच तुटून तळाला गेलं. आईनं मान हलवली. म्हणजे तिला हे आधीच सांगून झालं होतं. मधलीनं पदराला हात पुसले. हातांवर पुसण्यासारखं काही नव्हतं.

मधल्याची बायको म्हणून ती मधली. मधला गेला, तिचं नाव मागे राहिलं.

खोली कारखान्याच्या डोक्यावर होती. जमीन बाराही महिने कोमट. भट्टीच्या बरोबर वर जिथे फरशी सगळ्यात गरम, तिथे मांजर आडवं पसरलेलं. टेबलाच्या मधोमध ते भांडं. जाड बुडाचं, हिरवट झाक असलेलं, रुंद तोंडाचं. मधल्यानं फुंकलेलं शेवटचं. ते निवायला ठेवून तो वळला, भट्टीसमोरच्या बाकावर छाती धरून बसला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय जन्मापासूनच अधू होतं, कधीही झालं असतं. आई म्हणाली, कधीही नाही झालं, भट्टीसमोरच झालं.

आणि मधल्याच्या खुर्चीत आज गुरू बसले होते.

"कुणी ठरवलं हे?" मधलीनं विचारलं.

"ठरवलं नाही," गुरू म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की धाकटी त्यांना पाठीमागे मऊबुवा म्हणायची. "उमगलं. ज्या आगीनं या घरातला एक श्वास घेतला, ती आग शांत व्हायला हवी. तिच्याच ज्योतीवर एक मेणबत्ती पेटवायची. ती त्याच्या या भांड्यात ठेवायची. मोठी आग छोटी होऊन घरात राहील. मग खाली गॅसचा व्हॉल्व्ह बंद करायचा. बस, इतकंच."

इतकंच.

आजोबांनी पेटवल्यापासून ती भट्टी विझलेली नव्हती. तिच्या पोटात मूस असते. मातीचं मोठं भांडं, त्यात वितळलेली काच मधासारखी झुलत असते. मूस जुनी झाली तर तीसुद्धा जळत्या भट्टीतच बदलायची. भट्टी गार पडली की मूस तडकते, भिंती भेगाळतात. पुन्हा पेटवणं म्हणजे पुन्हा बांधणं, आणि पुन्हा बांधणारं आता कुणी उरलं नव्हतं. विझवली की संपलं. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला हे माहीत होतं, पाहुण्याला सोडून.

"दादा," मधली थोरल्याला म्हणाली, "मूस जाईल."

"जाऊ दे," थोरला म्हणाला. पण तो तिच्याकडे बघत नव्हता, तो बघत होता त्या भांड्याकडे, कारण

थोरला

कारण ते भांडं त्यानंच काढलं होतं. आधी.

बायको घर सोडून गेली त्या हिवाळ्यात थोरला संपलाच होता. सकाळी बाटली, दुपारी बाटली. हात इतके कापायचे की मधला त्याला भट्टीजवळ फिरकू द्यायचा नाही. तेव्हा हे गुरू आले. उपदेश केला नाही, जपमाळ दिली नाही. नुसते रोज यायचे, त्याच्या बिछान्याशी बसायचे, तो शिव्या द्यायचा त्या ऐकून घ्यायचे. एकदा तो ओकला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसलं. हे कुणी विसरू शकतं? थोरला विसरणाऱ्यांतला नव्हता. हात थांबले, तो भट्टीवर परतला, बाटली सुटली. त्या जागी गुरू आले, आणि थोरल्याला वाटलं, ही अदलाबदल फारच स्वस्तात पडली.

हळूहळू तो सगळंच विचारू लागला. दात काढू का. खिडकी कुठल्या बाजूची उघडी ठेवू. बायकोला फोन करू का. गुरू म्हणाले, नको. त्यानं केला नाही.

मधला गेला आणि दोन दिवसांनी गुरू आईला भेटायला आले. "त्याचं शेवटचं काम कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"निवतंय," आई म्हणाली.

"आणा," ते थोरल्याकडे बघून म्हणाले. "तिला हात लावू दे."

खाली, मोठ्या भट्टीच्या बाजूला, तिच्याच धगीवर तापणारी एक बुटकी कोठडी आहे. तिला घरात निवभट्टी म्हणतात. काच फुंकून झाली की तिथे जाते आणि आळसावलेल्या म्हाताऱ्यासारखी हळूहळू गार होते. पातळ पेला असेल तर एका रात्रीत. जाड बुडाचं असेल तर आठवडा. या घरातलं पोर चालायच्या आधी एक गोष्ट शिकतं: निवभट्टीचं दार आपलं नाही. ते काचेच्या मालकीचं आहे.

थोरला तिच्यासमोर उभा राहिला होता. सांगायचं होतं, अजून निवलेलं नाही. सांगायचं होतं, जाड आहे, थांबावं लागेल. एवढं एक वाक्य. जिना चढून वर जायचं आणि म्हणायचं. पण त्या माणसाला 'थांबा' म्हणायची जीभ त्याच्या तोंडात उरलीच नव्हती.

त्यानं दार उघडलं.

हात भाजले नाहीत. मग निवलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. भावाच्या बरोबरीनं शिकलेला माणूस, आणि त्यानं स्वतःला असं सांगितलं.

मधली

भांडं तेव्हापासून आईच्या उशाशी होतं. आई त्यात काही ठेवायची नाही, नुसता हात घालून झोपायची, जणू आत कुणाचा तरी हात सापडेल.

मधलीनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दारातच थांबली. "कुणी काढलं?" तिनं विचारलं होतं. थोरला म्हणाला होता, "निवलं होतं." मधली या घरात सून म्हणून आली, पण पहिल्या वर्षातच फुंकनळी हातात घेतलेली बाई होती. निवायला किती लागतं ते तिला मधल्यानं शिकवलं होतं, आणि शिकवताना पाठीत धपाटेही घातले होते.

दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेली तेव्हा तिनं भांडं खिडकीशी नेलं आणि काच तपासायच्या दोन काळ्या, आरपार दिसणाऱ्या पट्ट्यांमध्ये धरलं. एक पट्टी मागे, एक पुढे. काच आतून शांत असेल तर त्यांच्यातून काहीच दिसत नाही, नुसता अंधार. ताण असेल तर रंग उमटतात.

रंग उमटले. पाण्यावर तेल सांडल्यासारखे, बुडापासून वर चढणारे, जांभळे, पिवळे. इतकं सुंदर आणि इतकं वाईट तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

अशी काच वर्षानुवर्षं टिकते, आणि एक दिवस कुणी हात न लावता फुटते. किंवा कुणीतरी तिच्यात गरम काहीतरी ठेवतं.

आईच्या उशाजवळून ते कसं काढायचं? काय सांगायचं? तुमच्या मुलाची शेवटची फुंकर आतून तुटत आलीय? ती आत्याकडे गेली होती. सासऱ्यांची बहीण. चष्मे दुरुस्त करायचं तिचं दुकान दोन गल्ल्या सोडून. लोक चष्मा घेऊन जायचे आणि भलतंच काही बोलून यायचे. मधलाही जायचा. आत्यानं सगळं ऐकलं, एका चष्म्याचा स्क्रू घट्ट केला आणि विचारलं, "मग? तू काय ठरवलंस?"

"मी तुम्हाला विचारायला आले."

"विचारलंस की. आता मी विचारते."

मधलीला त्या दिवशी तिचा रागच आला होता. दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः आली आणि तिच्या शेजारी बसून राहिली. तिसऱ्या दिवशीही. काही सांगितलं नाही. निघताना एकदाच म्हणाली, "तू जेवत नाहीयेस, ते माझ्या लक्षात आलंय." बस. आणि मधलीला अजून कळलं नव्हतं की

धाकटी

की या भांडणात धाकटी कुणाच्या बाजूनं आहे ते धाकटीलाच माहीत नव्हतं.

ती बस चालवते. दिवसभर लोक मागून ओरडतात, थांबवा, इथे नाही, पुढे. मऊबुवाचा तिला पहिल्यापासून कंटाळा. पण खरं सांगायचं तर भट्टीची तिला भीतीच वाटायची. मधलादादा गेल्यापासून वहिनी खाली उभी राहते, ज्या जागी तो उभा राहायचा अगदी त्याच जागी, आणि रात्री बस लावून परतताना धाकटीला लांबूनच कारखान्याच्या खिडकीतला तांबडा उजेड दिसतो, तेव्हा ती भराभर चालू लागते. आज उजेड दिसला, उद्या वहिनी दिसेल का?

"वहिनी," ती म्हणाली, "विझवू दे ना. तू दमलीयेस गं."

मधलीनं तिच्याकडे पाहिलं. धाकटी आपली म्हणून तिनं धरली होती.

"तूसुद्धा?"

"मी त्यांच्या बाजूनं नाही. मी तुझ्या बाजूनं आहे. म्हणूनच म्हणतेय."

"माझ्या बाजूनं असशील तर माझं ऐक. मी मेलेल्या माणसाला कवटाळून बसलेली नाही. ही भट्टी माझं काम आहे. मी सकाळी उठते ती तिच्यासाठी. उद्या ती नसली तर मी या घरात कोण? जेवण वाढणारी?"

"तसं कुणी म्हणालं का?" आई बोलली.

"कुणी म्हणायची वाट बघू?"

गुरूंनी हात किंचित वर केला. रागावून नाही. झोपलेल्या मुलावर पांघरूण घालताना करतात तसा. "ताई, दुःख बोलतंय. बोलू द्या त्याला."

"माझं दुःख वेगळं बोलतं," मधली म्हणाली. "हे बोलतेय ती मी आहे. आणि समजा, आम्ही नाही म्हटलं तर?"

"तर काही नाही," गुरू म्हणाले, आणि हसले. "मी कुणाला बांधलेलं नाही. फक्त पुढे जे घडेल, त्याला मी नाही. सावध करणं माझं काम. या घरातली अजून दोन माणसं त्या आगीसमोर उभी राहतात, इतकंच मी जाणतो."

खोलीत मांजर सोडून सगळे गारठले. आईनं थोरल्याचा दंड धरला. धाकटीच्या मनात जी भीती होती ती हीच. नेमकी हीच, शब्दन् शब्द. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ती भीती तिला परकी वाटली. आपल्या पिशवीतून कुणीतरी काढून आपल्यालाच विकावी तशी.

"एक मिनिट," धाकटी म्हणाली. "हे आता सावध करणं झालं का धमकावणं?"

"जीभ आवर," थोरला म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या.

जिना चढून आलेली

आई: वन्सं? तुम्हाला कुणी बोलावलं?

मधली: मी बोलावलं. गुरू आलेले दिसले तेव्हाच.

थोरला: आत्या, हा घरचा निर्णय आहे.

धाकटी: घरचा? मग मधल्यादादाच्या खुर्चीत बसलेत ते कोण, सोफा?

आत्या: थांबा रे, आधी श्वास घेऊ दे. तुमच्या आजोबानं एवढा मोठा कारखाना बांधला, जिन्याला कठडा बांधायला काय झालं होतं त्याला? वहिनी, पाणी दे.

आई: पाणी देते. पण सांगून ठेवते, तुमचं तुमच्यापाशी. तुम्ही त्या डोंगरावरच्या आश्रमात ऐन तरुणपणाची वर्षं घालवलीत आणि हात हलवत परत आलात. ह्यांनी तुम्हाला घेऊन यायला गाडी पाठवली होती, विसरला नाहीत ना?

आत्या: विसरले नाही. माझा भाऊ मला बघून हसला होता. बरोबरच होतं त्याचं, डोकं भादरलेलं होतं माझं.

आई: मग आता तुम्हीच सांगा. विझवू की नको? तुम्ही म्हणाल तसं करते. दोन्हींतलं एक काहीतरी ठाम सांगा मला!

आत्या: मला माहीत नाही, वहिनी.

आई: माहीत नाही? मग आलात कशाला?

आत्या: तू पोराच्या भांड्यासमोर बसलीयेस. म्हटलं, शेजारी कुणी असावं.

गुरू: आपणही साधना केलेली दिसते.

आत्या: केली. कुणाकडे ते विचारू नका, तो माणूस गेला आता. आवाज तुमच्यासारखाच होता. फार गोड. मी त्याच्या पायाशी बसून स्वतःचं नाक पुसायचं विसरले. तिथल्या भटारखान्यात एक म्हातारी होती, भांडी घासायची. ती मला एक दिवस म्हणाली, जा इथून. मी म्हटलं, तू कोण मला सांगणारी? तर म्हणाली, हं, आता कसं. हेच त्याला म्हणून ये.

गुरू: आणि म्हणालात?

आत्या: म्हणाले. त्याच संध्याकाळी मी उतरणीला लागले होते. कुणी थांबवलं नाही, पण कुणी दिवाही धरला नाही.

आई

वन्सं आणि सून, दोघीही बोलतात आणि मला काही देत नाहीत, आईला वाटलं. हा गुरू निदान काहीतरी करायला सांगतो. विझव म्हणतो. विझवण्याला हात लागतो, डोळे लागतात, संध्याकाळ सरते. 'माहीत नाही' हे उत्तर घेऊन रात्र कशी काढायची?

ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला सगळ्यात आधी भट्टी दाखवली होती आणि म्हटलं होतं, ही तुझी थोरली जाऊ. हिच्याशी पटवून घे. तिनं आयुष्यभर पटवून घेतलं. नवऱ्याचा खोकला पटवून घेतला. मुलांच्या हातांवरचे चट्टे. उन्हाळ्यात न झोपलेल्या रात्री. आता नाही. एक मुलगा दिला, आता पटवून घेणार नाही. मेली विझू दे, तडकू दे, माझ्यासारखी होऊ दे.

"आण मेणबत्ती," ती थोरल्याला म्हणाली.

मधली तिच्याकडे बघत राहिली. "आई, मेणबत्ती कुठेही लावा. त्या भांड्यात नको."

"का? त्याचं आहे म्हणून? मीसुद्धा त्याचीच आहे."

"नको म्हणते ना."

"भीती सोडा, ताई," गुरू म्हणाले.

थोरला उठला. मेणबत्ती खिशातच होती त्याच्या.

थोरला, खाली

भट्टीच्या तोंडाशी उजेड पांढरा होता. कडेला नारिंगी. तो रंग बघून थोरला आजही अचूक सांगू शकला असता, काच किती तापलीय, किती घट्ट आहे, नळीवर कशी बसेल. भिंतीवरच्या खुंट्यांवर फुंकनळ्या ओळीनं टेकलेल्या. मधल्याची सगळ्यात लांब, तोंडाशी त्याच्या दातांनी चेपलेली. किती वेळा सांगितलं, नळी चावू नकोस. ऐकलं नाही कधी. कुणाचंच ऐकायचा नाही हरामखोर. आणि तरी आत्याकडे जायचा. थोरल्यानं एकदा विचारलं होतं, म्हातारी काय सांगते रे तुला? मधला म्हणाला होता, काही नाही. मी बडबडतो, मग माझं मलाच ऐकू येतं.

लांब काडी आत घातली. पेटली. काडीवरून मेणबत्ती. तळहाताच्या आडोशानं ज्योत धरून तो जिना चढू लागला.

निवभट्टीच्या बाजूनं जाताना त्यानं तोंड फिरवलं.

वर सगळे उभे होते. टेबलाभोवती, जणू काही कुणी पाळणा हलवणार आहे. गुरूंनी हात पुढे केला. "दे, बाळा."

"दादा," मधली म्हणाली.

तो थांबला. मेणाचा थेंब बोटावर पडला, त्यानं बोट हलवलं नाही. भट्टीवाल्याला मेण काय भाजणार.

"मी तुम्हाला घरचे म्हणून विचारत नाही. तुमच्या भावाची बायको म्हणूनही नाही. कारागीर म्हणून विचारते." तिनं कमरेच्या पिशवीतून दोन काळ्या पट्ट्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. "हे भांडं निवलंय का?"

धाकटीला काचेतलं एवढं कळायचं की तिनं हळूच मांजराला उचलून मागे घेतलं.

"प्रश्न काचेचा नाही, ताई," गुरू म्हणाले.

"प्रश्न काचेचाच आहे. बाकीचे तुमचे. हा एक आमचा."

पट्ट्यांतून बघायची थोरल्याला गरज नव्हती. त्याला रंग न बघताच दिसत होते. आईचा हात भांड्याच्या काठावर होता. ज्योत भांड्यात जाईल. जाड बूड एका जागी तापेल. आधी बारीक आवाज येईल, खडा टाकल्यासारखा. मग आईच्या बोटांखाली भावाची शेवटची फुंकर दुभंगेल, आणि गुरू म्हणतील, बघा, सुटला तो, आणि सगळे रडतील, आणि थोरलाही रडेल, आणि आयुष्यभर त्याला एकट्याला माहीत असेल.

"दे," गुरू पुन्हा म्हणाले. तोच आवाज. बिछान्याशी बसलेला.

थोरल्यानं मेणबत्ती स्वतःच्या तोंडाशी नेली आणि फुंकर घातली.

टेबलाभोवती, पुन्हा

धूर सरळ वर गेला.

"नाही निवलेलं," थोरला म्हणाला. आवाज फाटका. "मी आधी काढलं. आठवडा हवा होता. तुम्ही आणा म्हणालात आणि मी आणलं."

आईनं काठावरचा हात झटक्यात मागे घेतला, चटका बसावा तसा.

"मला काचेतलं काय कळतं?" गुरू म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा खरखरला, आणि खरं तर त्याच वेळी ते सगळ्यांत जास्त माणसासारखे दिसले. "तू सांगायला हवं होतंस. मी थांबलो असतो."

"हो. मी सांगायला हवं होतं. म्हणून आता सांगतोय. भट्टीतलंही तुम्हाला कळत नाही. ती विझवायची नाही."

गुरूंनी विझलेल्या मेणबत्तीकडे पाहिलं. तेवढ्यात ते म्हणू शकले असते, बरं. म्हणू शकले असते, सांग, मला समजावून सांग. आत्या त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत होती की जणू तिलाही तेच ऐकायची आशा आहे.

"तू आज हललेला आहेस," ते म्हणाले. आवाज पुन्हा मऊ. "हे तू बोलत नाहीस. उद्या ये माझ्याकडे. शांतपणे बसू."

थोरला हसला. बऱ्याच दिवसांनी, वाकडं. "तुम्ही माझी ओकारी पुसलीत. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण हे बोलतोय तो मीच आहे. उद्या मी भट्टीवर आहे. तुम्हीच या. गरम होतं जरा, पण बसायला बाक आहे."

गुरूंनी कोट उचलला. दारात थांबून आईकडे पाहिलं. "काळजी घ्या," ते म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत काळजी होती की इशारा, हे कुणालाच नीट कळलं नाही.

"घेतो हं," धाकटी म्हणाली. "आणि जिना सांभाळून. कठडा नाही."

त्यांची पावलं विरल्यावर आई एकदम खाली बसली. "तडकणार का गं ते?" तिनं मधलीला विचारलं. भांड्याकडे बोट दाखवायचीही भीती.

"वाचू शकतं. पुन्हा निवभट्टीत ठेवायचं. सावकाश तापवायचं, मग सावकाश निवू द्यायचं. या वेळी पुरतं. ताण निघून जातो."

"नक्की?"

मधलीच्या जिभेवर 'हो' आलं होतं. गोड, मऊ, तयार. तिनं ते गिळलं. "नाही, आई. तापतानाच तडकेल कदाचित. पण नाही ठेवलं तर कधीतरी फुटणारच. आणि निवभट्टी चालते ती मोठ्या भट्टीच्या धगीवर. ती विझली तर हाही मार्ग नाही."

आईनं फरशीवर तळहात टेकला. कोमट फरशीवर. आत्या तिच्या शेजारी टेकली.

"मला तिचा राग आहे," आई शेवटी म्हणाली. "त्या आगीचा. फार राग आहे. तो जाणार नाही."

"राग ठेवा," मधली म्हणाली. "आगही ठेवा."

आईनं नाक पुसलं. मग उठली, टेबलावरची जाड शाल उचलली आणि भांड्याभोवती गुंडाळली, अंगडं घालावं तशी. "सरक," ती थोरल्याला म्हणाली. "तू हात लावू नकोस. तुझ्या हातचं पाहिलं मी. मी नेते. आणि जिन्यावर माझ्यापुढे चाल, पडले तर तुझ्यावर पडेन."

खाली

आईनंच भांडं आत ठेवलं. दार थोरल्यानं लावलं, आणि लावल्यावर कडीवर हात ठेवून क्षणभर उभा राहिला. आत काय होतंय ते आता आठवडाभर कुणालाही कळणार नव्हतं. कान देऊन उपयोग नव्हता, मोठ्या भट्टीच्या घोंगावण्यात काही ऐकू येत नाही. तरी पाचही जण कान देऊन उभे होते.

"आठवडा," आई म्हणाली. "कुणी या दाराला हात लावला तर हात मोडेन. तू, मी, देव, कुणीही."

मधलीनं पदर कमरेला खोचला. खुंटीवरून सगळ्यात लांब फुंकनळी घेतली, चेपलेल्या तोंडाची.

आत्यानं तिच्या बोटांकडे पाहिलं. बोटं थरथरत होती. "आज नको गं," ती म्हणाली. "फार झालं आज. हात स्थिर नाहीत तुझे. उद्या कर."

आतापर्यंत आत्यानं तिला कधी काही कर किंवा करू नको असं म्हटलं नव्हतं. ही पहिलीच वेळ. आणि बोलणं बरोबरही होतं, मधलीला ते माहीत होतं.

"नाही," मधली म्हणाली.

भट्टी घोंगावत राहिली. धाकटीनं एकीकडून दुसरीकडे पाहिलं. थोरल्यानं तर श्वासच रोखला; हा शब्द म्हटल्यावर काय होतं ते त्यानं आत्ताच वर पाहिलं होतं.

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"बरं," ती म्हणाली. "मग मला बसायला काहीतरी द्या. आणि जरा लांब ठेवा, झळ लागते. या वयात माणूस लवकर वितळतो."

थोरला जिना चढून वर गेला आणि मधल्याची खुर्ची डोक्यावर घेऊन खाली आला. आत्या तिच्यात बसली, बाजूच्या बाकावर आई बसली, भट्टीकडे पाठ करून. मधलीनं नळी मुशीत घातली, फिरवली, आणि थरथरत्या हातांनी पहिला गोळा वर काढला. वाकडा आला. तिनं तो परत आत बुडवला.